फ्रॉन्तोंच्या बागेत भुरी

जूनच्या शेवटच्या रविवारी फ्रान्समधल्या तुलूझच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर असलेल्या फ्रॉन्तों गावी गेले होते. एका द्राक्षमळ्यात उभी होते. मालकीणबाईंनी एक पान उलटं करून माझ्यासमोर धरलं, त्यावर राखेसारखी पांढरट पूड. मला फ्रेंच शब्द आठवेना, तोंडून आपोआप निघालं, "भुरी!" म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी फोनवर आमच्या निफाडच्या बागेचे फोटो दाखवले. पुढचे दोन तास आम्ही दोघी वेलींबद्दलच बोलत होतो.

ती बाग नेग्रेतची. काळ्या द्राक्षाची ही जात तुलूझ आणि मोंतोबाँच्या मधल्या, तार्न आणि गारोन या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात टिकून आहे. फ्रान्समध्ये इतरत्र ती फारशी दिसत नाही. नावाचा अर्थ साधारण 'काळुंद्री', आणि ते शोभतंही. मणी बारीक, साल पातळ, रंग निळ्यावर जाणारा काळा.

अडचण आहे ती घडात. घड इतका गच्च की मण्यांमधून वारा फिरत नाही. आपल्याकडे खायच्या द्राक्षाला जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) बुडवण्या देतात, कात्रीने विरळणी करतात, घड मोकळा करून घेतात. वाईनच्या द्राक्षाला एवढं कोण करणार? त्यामुळे पाऊस झाला की आतून करडी बुरशी धरते आणि पातळ सालीचे मणी कुजतात. त्यात भुरीची भीती कायमची. कसदार जमिनीत वेल माजते आणि दुखणं वाढतं, म्हणून तार्नच्या काठावरच्या उंच पायऱ्यांसारख्या जमिनी तिला मानवतात: गोट्यांच्या, रेताड, गाळाच्या, एरवी ज्यांना आपण हलक्या रानात काढू अशा. ओताँ नावाचा आग्नेयेकडून येणारा वारा तुलूझकरांचं डोकं उठवतो, पण बाई म्हणाल्या, तो सुटला की घड वाळतात आणि मला शांत झोप लागते.

ही वेल आली कुठून? तिथे सगळे सांगतात ती गोष्ट अशी: बाराव्या शतकात सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनी ती सायप्रसहून आणली. तिकडे 'माव्रो' नावाचं द्राक्ष आहे, आणि ग्रीकमध्ये माव्रो म्हणजे काळा. फ्रॉन्तोंचं चर्च 1119 साली पोप कॅलिक्स्टस दुसरे यांच्या हस्ते पवित्र झालं, तो धागाही या गोष्टीला जोडलेला असतो. गोष्ट सुंदर आहे, मला ऐकायलाही आवडली. पण वेलींचे अभ्यासक पान आणि घड पाहून नेग्रेतला मालबेक, ताना या द्राक्षजातींच्या गटात बसवतात, म्हणजे इथल्याच नैऋत्य फ्रान्सच्या गोतावळ्यात. मला हेच जास्त पटतं. एवढी नाजूक वेल याच मातीत, याच वाऱ्यात तगून राहिली, ती इथलीच असणार. कॅलिफोर्नियात तर तिला कित्येक वर्षं 'पिनो सेंट जॉर्ज' म्हणत. खरं नाव लेबलवर आलं ते 1997 नंतर.

तिच्यावर संकटं कमी आली नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून आधी भुरी आली, मग मुळं खाणारी फिलॉक्सेरा ही कीड. शेवटी अमेरिकन खुंटावर, म्हणजे तिकडच्या वेलीच्या मुळावर, कलमं बांधूनच फ्रान्सच्या बागा वाचल्या. मग फेब्रुवारी 1956 च्या गोठवणाऱ्या थंडीत नैऋत्येतल्या वेलीच्या वेली मेल्या. तरी 1975 मध्ये फ्रॉन्तों आणि शेजारच्या विलोद्रिकला मिळून स्वतःचं नामांकन, म्हणजे त्या भागाच्या वाईनपुरतं कायद्याने राखलेलं नाव, मिळालं, आणि त्याच्या नियमांत नेग्रेत ही मुख्य जात ठरली. जोडीला सिरा, काबेर्ने फ्रां चालतात, पण जागा तिची. हा नियम नसता तर सोप्या, रोगाला दाद न देणाऱ्या जातींनी तिला कधीच बाहेर काढलं असतं असं मला मनापासून वाटतं.

वाईन? पेला नाकाशी नेला की आधी व्हायोलेटचा वास येतो. व्हायोलेट हे तुलूझचं फूल, इथे साखरेत घोळवून त्याची मिठाई करतात. मागून ज्येष्ठमध. रंग गडद, पण घशाला तुरटपणा फारसा नाही, आंबटपणाही कमी, त्यामुळे वर्षानुवर्षं ठेवण्यापेक्षा ताजी असताना पिण्यात तिची मजा आहे. तुरट वाईन तिखटाबरोबर जिभेला आग लावते. ही जरा थंड करून घेतली तर आपल्या रश्श्यासोबतही बसते, हे घरी करून पाहिलंय.

घरी आल्यावर अण्णांना फोन लावला. तिकडे एप्रिलची छाटणी होऊन काडी तयार होत होती.

"अण्णा, इथेही भुरीच. त्याही गंधकच मारतात. आणि तुम्ही मोरचूद-चुन्याचं जे बोर्डो करता ना, ते ज्या गावाच्या नावाचं आहे ते बोर्डो इथून गाडीने अडीच तासांवर आहे. 1885 च्या सुमारास तिथेच निघालं ते, केवडा रोगासाठी."

अण्णा थोडा वेळ गप्प. चाळीस वर्षं बोर्डो म्हणजे त्यांच्यासाठी ड्रममधलं निळं पाणी.

"गाव आहे होय ते," म्हणाले. आणि मग लगेच, "खुंट कोणता आहे गं त्यांचा? आपला डॉगरिज अमेरिकेचाच. त्यांचा कोणता?"

मी विचारलंच नव्हतं.

"मग काय बघितलंस बाग? पुढच्या खेपेला विचारून ये."

तोडणी सप्टेंबरात आहे. बाईंनी बोलावलंय.