दवाखान्याचा बॅकअप आणि वखारीतला तंबाखू

निपाणीतल्या एका छातीच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्याचे कॉम्प्युटर मी बघतो. रोज रात्री तिथला सगळा रेकॉर्ड इंटरनेटवरून बेळगावात, टिळकवाडीतल्या माझ्या सर्व्हरवर येतो. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात मी ते बदलायला काढलं.

मॅडमना कारण सांगावं लागलं. बॅकअप पाठवताना दोन्ही कॉम्प्युटर आधी आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात. ती ठरवायची जुनी रीत ज्या गणितावर उभी आहे, ते गणित मोठा क्वांटम कॉम्प्युटर (अणू-कणांच्या नियमांवर चालणारा, वेगळ्याच जातीचा कॉम्प्युटर) सोडवू शकेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवलं. तेवढा मोठा कॉम्प्युटर आज नाही. पण वाटेत कुणी आजचा डेटा नुसता भरून ठेवला तर?

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे वखारीतल्या तंबाखूसारखं. आत्ता दाबून ठेवायचं, दर आला की बाहेर काढायचं."

अगदी तसंच. पण पंधरा वर्षांनी आपल्या पेशंटांचं कोण काय बघणार, हे त्यांना पटेना. उत्तर त्यांच्याच टेबलावर होतं. विडी वळणाऱ्या एका बाईची लेक, नववीतली, टीबीच्या औषधांवर. फाईलवर पत्ता, आईचं नाव आणि कोपऱ्यात मॅडमच्या अक्षरात 'घराबाहेर कळू देऊ नये'. पंधरा वर्षांनी ही पोरगी तिशीची असेल, सासरी नांदत असेल. मॅडमनी फाईल मिटली. "कधी सुरू करता?"

दवाखान्यातल्या मशीनवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम होती, आवृत्ती 20.04; त्यात दोन कॉम्प्युटरांमध्ये कुलूपबंद जोडणी करणारं ओपनएसएसएच, आवृत्ती 8.2. किल्ली ठरवायची नवी, क्वांटम कॉम्प्युटरलाही दाद न देण्यासाठी केलेली रीत 2022 मधल्या ओपनएसएसएच 9.0 पासून आपोआप लागते. त्यासाठी उबुंटू 24.04 हवं होतं; पण 20.04 वरून थेट 24.04 वर जाता येत नाही, मध्ये 22.04 करावंच लागतं. रविवारी दवाखाना बंद असतो म्हणून सकाळी नऊला बसलो. पहिला टप्पा दुपारपर्यंत नीट झाला. दुसरा निम्म्यावर आला आणि करंट गेला. यूपीएसची बॅटरी मेलेली होती; ती मी आधी तपासायला हवी होती. करंट आला तर मशीन चालूच होईना. शेवटी रिकव्हरी मोडमध्ये जाऊन 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पुरं करणारी कमांड चालवली आणि एकेक पॅकेज जागेवर बसताना बघत राहिलो. सगळं उभं राहायला रात्रीचे आठ वाजले.

मग जोडणीचा तपशील दाखवणारी 'एसएसएच -व्ही' कमांड लावून बघितली. 'केक्स: अल्गोरिदम' म्हणजे किल्ली ठरवायच्या रीतीच्या पुढे नवी एसएनट्रप761 आणि जुनी एक्स25519, दोन्ही नावं जोडून आली. ही जोड मुद्दाम असते: नवं गणित उद्या फुटलंच तर जुनं तरी मध्ये उभं राहावं. ही भीती उगाच नाही. साइक नावाची अशीच एक नवी रीत 2022 मध्ये कॉम्प्युटरच्या एकाच कोअरवर तासाभरात फुटली होती. अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये एमएल-केम ही आणखी एक नवी रीत प्रमाण म्हणून जाहीर केली. ओपनएसएसएच 10.0 मध्ये पहिली पसंती तिलाच आहे, पुढच्या अपग्रेडला ती आपोआप येईल.

फाईलच्या कुलपाचं काम त्यामानाने सोपं होतं. आधी मी आरएसए या जुन्या पद्धतीची सार्वजनिक किल्ली वापरत होतो, तीही शोर यांच्या युक्तीने फुटू शकते; आता एईएस-256 हे एकाच गुप्त किल्लीचं कुलूप आणि लांबलचक पासफ्रेज. शोर यांची युक्ती एईएसला लागू पडत नाही. पासफ्रेज कागदावर लिहून दोन पाकिटांत घातला; एक मॅडमच्या लॉकरमध्ये, एक माझ्याकडे.

निघताना मॅडमनी विचारलं, "आणि चार वर्षांत जे गेलं ते?"

ते परत बोलावता येत नाही, असं मी सरळ सांगितलं. सर्व्हरवरच्या जुन्या फायली नव्याने कुलूपबंद करता येतात, पण वाटेत कुणी काही भरून घेतलं असेल तर त्याला इलाज नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर आल्या आणि म्हणाल्या, "यातलं काय काय रोज जायलाच हवं, ते एकदा बघू या."

आधारचा रकाना काढला. त्यांच्या शेऱ्यांचा रकानाही काढला. ते शेरे आता कपाटातल्या वहीत असतात.