उजनीच्या काठावर सुरयांची अंडी

उन्हाळा लागला की सोलापूर भागातल्या प्री-वेडिंगवाल्यांना सूर्योदयासाठी उजनीच हवी असते. ११७ टीएमसीचं धरण, पण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठ्यावर आलं, की बॅकवॉटरला लांबच लांब काठ उघडा पडतो आणि समुद्रावर आल्यासारखं वाटतं. एका एप्रिलमध्ये असंच एक जोडपं घेऊन फोटो काढायला केत्तूरच्या बाजूला गेलो होतो. फटफटत होतं. गाडी थेट पाण्यापाशी न्यायची आणि ड्रोन उडवायचा, असं ठरलेलं.

गाडी उतारावर लागली तोच डोक्यावर पक्ष्यांचा कलकलाट सुरू झाला. नदी सुरय! काळी टोपी, पिवळी चोच. एकेक जण सूर मारून अंगावर येत होता. जाळं काढणाऱ्या मामांनी होडीतूनच हाळी दिली, "सर, हितनं पुढं नका जाऊ. अंडी हायती."

आठवड्यापूर्वीपर्यंत ती जागा म्हणजे बेट होतं. पाणी ओसरलं, बेट काठाला जोडलं गेलं आणि कुत्री, मेंढरं, गाड्या सगळ्यांना वाट मिळाली. मोठी लेन्स लावून पाहिलं: खड्यांमध्ये नुसता खळगा, त्यात ठिपक्यांची दोन-तीन अंडी. काडी नाही, गवत नाही. टायरखाली गेली असती तरी कळलं नसतं. पलीकडे एक चिखल्या, काठावरचाच छोटा पक्षी, पंख मोडल्यासारखा फरफटत चालला होता. आम्हाला पिल्लांपासून लांब न्यायला.

नवरदेवाच्या मित्राला एक अंडं हातात घेऊन फोटो हवा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अंड्यांना हात लावणंही शिकारीतच धरलंय, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. खरं तर कायद्यापेक्षा उन्हाची भीती जास्त होती. पक्षी उठलेला राहिला तर सोलापूरच्या उन्हात अंडं आतल्या आत शिजतं, आणि कावळे तर टपलेलेच असतात. घरट्याचा जवळून काढलेला फोटो कितीही सुंदर असो, मला तो बघवत नाही. बहुतेक वेळा पक्ष्याला उठवूनच तो मिळालेला असतो.

नवरी मुलगी सगळं ऐकत होती. तीच म्हणाली, "दादा, गाडी मागं घ्या." ड्रोन पेटीतच राहिला. लांबच्या खडकाळ काठावर आम्ही सूर्य पकडला, फोटो छान आले.

ऊन चढल्यावर मामांच्या होडीतून, लांबूनच, पुन्हा पाहिलं. एक सुरय पाण्यात पोट भिजवून आला आणि अंड्यांवर बसला. अंडी गार ठेवायची त्यांची हीच रीत. मग मामांनी मेंढपाळाला गाठून कळप वरच्या अंगानं न्यायला लावला, आणि मी सरपंचांना भेटून गाडीवाटेवर दगड रचून घेतले. आता होळीपासून पाऊस लागेपर्यंत त्या पट्ट्यावरचं काम मी घेत नाही. गिऱ्हाइकाला बुकिंगच्या वेळीच खडकाळ काठ दाखवतो.