पसरणी घाट, आत्या आणि माझे अलॉय

महाबळेश्वरला दोन दिवस राहिलो, धुकं पाहिलं, कणसं खाल्ली. लिहायचंय ते पसरणी घाटातल्या वीस मिनिटांबद्दल.

गाडी बाबांची, प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली. मूळ टायर ५.२०-१४ मापाचे. मला ते काटकुळे दिसायचे, म्हणून निघायच्या आठवड्यात जुन्या बाजारातून रुंद अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाकं आणली, त्यांवर १७५/८० मापाचे, मूळपेक्षा रुंद आणि उंच टायर. बाबा इतकंच म्हणाले, "दिसतंय झ्याक."

हायवेवर ते किलोमीटरचे दगड मोजत बसले. "दगडांनी पन्नास झाले, तुझा मीटर सत्तेचाळीसच म्हणतोय." मीटर चाकाचे फेरे मोजतो. टायर उंच झाला, म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मी साठने चालवतोय असं समजत होतो, गाडी चौसष्टने पळत होती. याचीच दुसरी बाजू अशी, की सगळे गिअर थोडे थोडे 'उंच' होतात, म्हणजे वेग मिळतो पण चढावर ओढ कमी पडते. सपाटीवर बरं वाटतं. खंबाटकीत जरा धाप लागली, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

वाई सोडली आणि पसरणीच्या एका वळणावर पुढची एसटी थांबली. दुसऱ्या गिअरात गाडी ओढेना. पहिला चालत्या गाडीत पडत नाही, नुसता करकरतो. थांबलो. मागे हॉर्नची आरती सुरू. स्टेअरिंग इतकं जड, की मी सीटवरून अर्धा उठून ते फिरवत होतो, आणि पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला खर्रर्र घासायचा. क्लच जळल्याचा वास. मागच्या एसयूव्हीतल्या पोराने मोबाईल बाहेर काढला.

"आत्याला उतरव," बाबा म्हणाले.

आत्या पर्स सावरत वळणापर्यंत चालत गेली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अलॉय म्हणजे हलकं, हा माझा समज. घरी आल्यावर रद्दीवाल्याच्या काट्यावर जुनं आणि नवं, दोन्ही चाकं टायरसकट ठेवली. नवं चाक चार किलोने जड! त्यातलं बरंचसं वजन कडेला, टायरमध्ये. ते नुसतं वाहून न्यायचं नसतं, दर वेळी गरगर फिरवायलाही लागतं. चाळीस घोड्यांनी काय काय करायचं?

रविवारी जुनी चाकं परत चढवली. बाबांनी गाडी गल्लीत एका हाताने वळवून दाखवली, मुद्दाम, आत्या गॅलरीत उभी असताना.