आपल्याच निरोपाचे पोहे

फ्रँकफर्टहून दिल्ली, दिल्लीहून इंदूर, तिथून रामबागेतलं घर. तीस तासांत धड झोप नव्हती. तरी काकूने दारातच गाठलं, "निरोपसमारंभ झाला का गं? शाल दिली की नाही?"

बाबा रिटायर झाले तेव्हाची शाल आमच्या कपाटात अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. त्यामुळे प्रश्न रास्तच होता.

"झाला. वीस जणांचे पोहे केले मी."

"म्हणजे निरोप तुझा आणि राबायचंही तूच? हे तर गजबच आहे!"

मलाही तेच वाटलं होतं. सहा महिने कंपनीच्या कामासाठी, ऑनसाइट म्हणून, जर्मनीत श्टुटगार्टला होते. शेवटच्या आठवड्यात शेजारच्या टेबलवालीने विचारलं, "तुझं आउसश्टांड कधी?" मला वाटलं, एखादा फॉर्म भरायचा राहिला. तर तिकडे जाणाऱ्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं असतं. वाढदिवसाचा केकसुद्धा ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. कामावर नवीन आल्यावरही असंच काहीतरी द्यायचं असतं, ते मी दिलंच नव्हतं! आणि सहा महिन्यांत कोणी चकार शब्द काढला नाही. याचा मला जास्त राग आला. सांगायला काय झालं होतं?

बेकरीतून लोणी लावलेले ब्रेत्सेल, म्हणजे तिकडचे वेटोळ्याचे पाव, नेऊन सुटता आलं असतं. पण आईने निघताना दिलेलं जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, अर्धं शिल्लक होतं आणि मला खुमखुमी आली. भारतीय दुकानात पोहे चार युरो किलो. (मनातल्या मनात रुपये करायची खोड सहा महिन्यांत गेली नाही.) पहाटे पाचला उठून, पातेल्यावर चाळणी ठेवून, बडीशेप घालून, इंदुरी पद्धतीने वाफवून काढले. पातेलं टॉवेलात गुंडाळून एस-बानमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकलमध्ये, मांडीवर घेऊन बसले, तर अख्ख्या डब्यात हिंगाचा वास. कोणी वळून बघितलं नाही. तिकडे असं न बघणं हीच सभ्यता असते आणि ती मला कधीच मानवली नाही.

बारा वाजता सगळे आले, काट्याने पोहे खाल्ले, छान म्हणाले. एकाने तीनदा घेतले. भाषण नाही, फोटो नाही. साडेबाराला जो तो आपल्या टेबलावर. मी एकटी किचनमध्ये पातेलं घासत उभी.

आमच्या टीममध्ये एक साठीचे गृहस्थ होते. बाकीच्यांशी पहिल्या दिवसापासून 'डू', म्हणजे आपलं 'तू'. हे मात्र सहा महिने मला 'झी', म्हणजे 'तुम्ही', आणि वर 'फ्राऊ' लावून आडनाव. माझी ड्रॉइंग्ज लाल पेन्सिलीने तपासायचे. चूक असेल तिथे शेरा नाही, नुसता गोल. पोहे खाताना त्यांनी स्वतःच्या ब्रेत्सेलच्या लोण्यावर जीरावन भुरभुरलं होतं, तेवढं मी टिपलं होतं.

चारच्या सुमारास ते माझ्या टेबलापाशी आले. कोटाचं बटण लावलं, हात पुढे केला आणि स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. मला क्षणभर कळेना, सहा महिन्यांनी ओळख कसली करून देताहेत! मग लक्षात आलं, 'डू' म्हणायची परवानगी देताहेत. ती मोठ्यानेच द्यायची असते, धाकट्याने मागायची नसते.

"आता? मी तर चालले," मी म्हटलं.

"कामात 'झी' बरं," ते म्हणाले. "काम संपलं."

हात एकदाच हलवला, सोडला आणि गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

निघताना सगळ्यांनी मिळून एक लाकडी पाटी दिली: 'केअरवोखे'. तिकडे इमारतीत ज्याची जिना झाडायची पाळी, त्याच्या दाराला ही पाटी लटकते. इंदूर 2017 पासून देशात स्वच्छतेत पहिलं, ही बढाई मी सहा महिने मारली होती. 2023 मध्ये तो नंबर सुरतेबरोबर विभागून होता, हे नव्हतं सांगितलं. पाटी आता काकूच्या दाराला आहे. तिला आवडली, अर्थ कळेपर्यंत.

श्टुटगार्टच्या स्टेशनाबद्दल मात्र चांगलं काही लिहिणार नाही. 2010 पासून बांधकाम चालू आहे. दोन बॅगा ओढत वळसा घालून प्लॅटफॉर्म गाठेपर्यंत माझा सगळा हळवेपणा उतरला होता.

घरी येऊन दहा दिवस झाले. त्यांना पोचल्याचा मेल लिहायचा आहे. 'झी' लिहिलं तर त्यांनी दिलेलं परत केल्यासारखं होईल. 'डू' लिहावं तर हात अडतो. आमच्या घरात बाबांनाही 'अहो बाबा' म्हणतात. काकूला विचारलं, तर म्हणे, "बापाच्या वयाच्या माणसाला तू? काहीतरीच!" मराठीत अशा वेळी 'काय, बरंय ना? इकडे येणं कधी?' करून निभावता येतं. जर्मनमध्ये ही पळवाट मला तरी सापडलेली नाही.

शेवटी काल छप्पन दुकानवरून, म्हणजे आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीतून, जीरावनचं पाकीट आणलं आणि वर चिठ्ठी चिकटवली. त्यांचं पहिलं नाव आणि खाली दोनच शब्द: 'ब्रेत्सेलसाठी. लोण्यावर.'