देवगड ते राधानगरी, फोंडा घाटाने

गोव्याला जाताना सगळे आंबोली नाहीतर गगनबावडा धरतात, पण मला विचाराल तर देवगड-निपाणी हा राज्यमार्ग त्याहून कितीतरी सुंदर आहे आणि तो खालून वर, म्हणजे समुद्राकडून घाटमाथ्याकडे करावा.

मे महिन्यात देवगडहून सकाळी निघालो. जामसंडे, तळेबाजार, शिरगाव करत रस्ता जांभ्या दगडाच्या सड्यावरनं, म्हणजे उघड्या माळावरनं जातो, दोन्ही बाजूला हापूसच्या बागा, चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं), आणि मध्येच कुठेतरी टेम्पोत पेट्या भरायचं काम चालू. थोडा वेळ तिथे थांबून बघत राहिलो. पेटीत आधी भाताचा पेंढा, त्यावर आंब्याचा थर, परत पेंढा, प्रत्येक फळ हातात फिरवून देठाकडे बघूनच आत जात होतं. नांदगाव तिठ्याला मुंबई-गोवा हायवे ओलांडला की फोंडाघाट गाव. तिथे कोकम सरबत घेतलं, शेजारी कोल्हापूरकडचा एक टेम्पोवाला होता, म्हणाला, "सावकाश जावा, वर गवं असत्यात रस्त्याला."

घाट वळणांचा आहे, जंगल दाट, आणि चढून दाजीपूरला पोचलात की हवा एकदम बदलते. हे शाहू महाराजांचं शिकारीचं जंगल, १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारशात घेतलं त्यात हे राधानगरी अभयारण्यसुद्धा आहे. गवा दिसलाच आम्हाला! झाडीच्या कडेला उभा, काळाकभिन्न, गुडघ्याखाली मात्र पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि शांतपणे परत चरायला लागला.

मला सगळ्यात आवडतं ते इथलं पाण्याचं गणित. घाटाच्या कड्याअलीकडे पडलेला पाऊस थोड्याच वेळात अरबी समुद्राला मिळतो, आणि कड्यापलीकडे पडलेला भोगावतीतून पंचगंगेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी पार बंगालच्या उपसागरात जातो. तेच पाणी शाहू महाराजांनी राधानगरीला अडवायला घेतलं, गावाला मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं. महाराज १९२२ साली गेले, धरण पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर, त्यांना बघायला मिळालं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, कोल्हापुरात दर पावसाळ्यात "कितवा दरवाजा उघडला" हीच चर्चा असते. खाली सगळीकडे जो ऊस दिसतो ना, तो याच पाण्यावर.

पुढे सोळांकूर, मुदाळतिट्टा आणि मग निपाणी, हा भाग सपाट आणि पटकन होतो. पावसाळ्यात गेलात तर राधानगरीजवळचा राऊतवाडी धबधबा नक्की बघा, फक्त अभयारण्य तेव्हा बंद असतं आणि घाटात धुकं, दरडी असतात, त्यामुळे रस्ता चालू आहे का ते फोंडाघाट गावात विचारूनच वर चढा.