एका 'हो'साठी साडेतीन तास : देवबाग-मालवणचा आमचा दिवस

मालवणला स्कुबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) करायचं ठरवत असाल आणि घरात कुणाला दमा असेल किंवा लहानपणी होऊन गेला असेल, तर बुकिंगचे पैसे भरण्याआधी एवढं वाचा. आम्हाला हे कुणी सांगितलं असतं तर सिंधुदुर्ग किल्ला बघायचा राहिला नसता. तिथवर जाऊन किल्ल्यावर पाय न ठेवता परत आल्याची रुखरुख अजून आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि शिवराजेश्वराचं मंदिर लेकीला दाखवीन असं मी तिला कधीपासून सांगत होते.

जानेवारीतला शनिवार. मी, नवरा आणि तेरा वर्षांची लेक. कोल्हापूरहून आदल्या संध्याकाळी देवबागला येऊन राहिलो होतो. जिथे उतरलो त्यांच्याच ओळखीच्या एका एजंटाकडे दिवसभराचं पॅकेज घेतलं होतं: पहाटे डॉल्फिन, मग त्सुनामी आयलंडवरचे पाण्यातले खेळ, तिथून मालवणला स्कुबा, आणि वेळ उरला तर किल्ला. अर्धे पैसे आठवडाभर आधी फोनवरून भरले होते. त्या आठवडाभरात त्याने माणसं किती, वजनं किती, शाकाहारी किती, सगळं विचारलं. तब्येतीबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

सकाळ सुरेख गेली. साडेसहाला कर्ली नदीच्या मुखातून बोट बाहेर पडली. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे देवबागची ती चिंचोळी पट्टी, हे उजाडताना बोटीतूनच बघावं. निवतीच्या दिशेला थोडं गेल्यावर डॉल्फिन दिसले, पाच-सहा तरी असतील. इथले डॉल्फिन पाठीवर उंचवटा असलेले, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारे, म्हणून फार आत जावं लागत नाही. आमच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, मशीन बंद केलं आणि आम्ही नुसते तरंगत राहिलो, तेव्हा ते आपणहून जवळ आले. शेजारच्या दोन बोटी मात्र त्यांच्या मागे धावत होत्या, आणि धावणाऱ्या बोटींपासून ते लांब लांब जात होते. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच याला. तुमचा बोटवाला पाठलाग करायला लागला तर त्याला स्पष्ट सांगा, मशीन बंद करा. परतताना पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड डोक्यावरून गेला, त्याच्या पायात मासा होता. लेकीला डॉल्फिनपेक्षा तोच जास्त आवडला.

त्सुनामी आयलंडवर बनाना राइड वगैरे झालं. सव्वादहाला आम्ही मालवणच्या जेटीवर होतो.

जेटीवर स्कुबावाल्यांचं टेबल, त्यामागे विशीतला एक मुलगा. कूपन दिलं, त्याने तीन फॉर्म पुढे सरकवले. दोन पानं, सगळं इंग्रजीत, आणि खाली सहीची जागा. तो म्हणाला, "ताई, सगळीकडे नो करा आणि खाली सही करा. बोट निघतेय."

मी शिक्षिका आहे. वाचल्याशिवाय सही करत नाही आणि मुलांनाही करू देत नाही. एकेक प्रश्न वाचत गेले. हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, आणि मधेच दमा. लेकीला चौथ्या वर्षापासून बाळदमा होता. गेली चार वर्षं पंप लागलेला नाही, ती शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे. पण प्रश्न 'आता आहे का' असा नव्हता, 'कधी होता का' असा होता. मी 'हो'वर खूण केली.

त्या मुलाने फॉर्म पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला. "ताई, असं लिहिलंत तर मला बोटीत घेता येणार नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं." मग आवाज खाली आणून, "थांबा, नवीन फॉर्म देतो. नो करा. कुणी बघत नाही."

मी नको म्हटलं. आजही तेच म्हणेन. २४ मे २०२२ ला याच किनाऱ्यावर, तारकर्लीजवळ, स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. तेव्हाच्या बातम्या मला आठवत होत्या. सर्टिफिकेट मागतात याबद्दल माझी तक्रार नाही, मागायलाच हवं. माझा राग दोन गोष्टींचा आहे. जो प्रश्न आठवडाभर आधी फोनवर विचारता आला असता, तो बोटीच्या तोंडाशी विचारला. आणि खरं उत्तर दिल्यावर खोटं लिहायला सांगितलं, तेही तेरा वर्षांच्या मुलीसमोर.

मागे रांग वाढत होती. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, लिहा ना नाही, कशाला अडवून धरताय?" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला वाटलं, तिच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झालाय. त्या क्षणी मला त्या गृहस्थांचा जेवढा राग आला तेवढा दिवसभरात कुणाचाच आला नाही.

नवऱ्याला जेटीवर नंबर धरून बसवलं आणि आम्ही दोघी रिक्षाने बाजारात गेलो. पहिला दवाखाना बंद. दुसऱ्या दवाखान्यात बाकावर चौदा माणसं. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर व्हिजिटला गेलेत, येतील. पावणेअकरापासून बसलो. साडेअकराला डॉक्टर आले. आमचा नंबर लागायला सव्वाबारा वाजले. मधल्या वेळात एजंटाला चार फोन केले. दोन त्याने उचलले नाहीत, तिसऱ्यांदा म्हणाला "जेटीवाल्याशी बोला", चौथ्यांदा म्हणाला "अ‍ॅडव्हान्स परत होत नाही". मी पैशांचं विचारलंच नव्हतं!

डॉक्टरांबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहायचं आहे. बाहेर एवढी गर्दी असून त्यांनी घाई केली नाही. शेवटचा झटका कधी, धावल्यावर खोकला येतो का, थंडीत छाती वाजते का, सगळं लेकीला विचारलं, मला नाही. छाती तपासली, नळीत जोरात फुंकायला लावलं. मग तिच्याच कागदावर एक फुगा काढून तिला समजावलं. दहा मीटर खाली पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब वरच्या दुप्पट असतो. खाली आपण त्या दाबाची हवा छातीत भरून घेतो. वर येताना दाब कमी होतो तशी ती हवा फुगते. श्वास चालू असेल तर ती निघून जाते. पण दम्यात श्वासनलिका आवळली आणि हवा आत अडकली, तर फुगणारी हवा फुप्फुसाला इजा करते, आणि त्यासाठी फार खोल जावं लागत नाही. तिची छाती आज स्वच्छ आहे, पण फुप्फुसांची पूर्ण तपासणी छातीच्या डॉक्टरांकडून झाल्याशिवाय मी स्कुबाला सही करणार नाही, असं ते म्हणाले. स्नॉर्केलिंगला हरकत नाही, कारण त्यात आपण पाण्यावर तरंगत वरचीच हवा घेतो. हेच त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं. फी घेतली फक्त नेहमीच्या तपासणीची.

लेक रिक्षात गप्प होती. मग म्हणाली, "आई, खोटं लिहिलं असतं तर?" मी काहीच बोलले नाही, तिचा हात धरून बसले.

एक वाजता जेटीवर. आता नवीन अडचण: कूपन स्कुबाचं आहे, त्यात स्नॉर्केलिंग बसत नाही, दोन्हीचे दर वेगळे, कूपन फोडता येत नाही, मालकाला विचारावं लागेल, मालक जेवायला गेलेत. नवरा एरवी शांत माणूस, पण तोही आता उभा राहिला. तेवढ्यात बोटीवरचे एक वयस्कर तांडेल बिडी विझवून टेबलाशी आले. "तुमी सकाळपासून हंयच आसात?" डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, लेकीकडे पाहिलं आणि त्या मुलाला म्हणाले, "चेडवाक वरच पोवाक देऊया, आवशीक खाली न्हेऊया. पैशाचा मागीर बघूया." म्हणजे मुलीला वरच पोहू देऊ, आईला खाली नेऊ, पैशांचं नंतर बघू. साडेतीन तासांत जे सुटलं नव्हतं ते एका वाक्यात सुटलं. पावणेदोनला आम्ही बोटीत बसलो.

हे आधी सांगायला हवं होतं: जायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून मैत्रिणीने गेल्या आठवड्यात सांगितलेली वेळ तुमच्या उपयोगाची नाही. आमचा सकाळी अकराचा नंबर भरतीच्या पाण्यातला होता. दोन वाजता ओहोटी लागली होती आणि पाणी गढूळ व्हायला सुरुवात झाली होती. सकाळच्या बोटीतून परतलेल्या लोकांनी सांगितलं तेवढं स्वच्छ आम्हाला मिळालं नाही.

तरीही दिसलं. किल्ल्याच्या तटाबाहेर बोट थांबली. नवऱ्याने बोटीतच बसायचं ठरवलं. मी पोहणारी नाही, पण इथे प्रशिक्षक शेवटपर्यंत तुम्हाला धरून असतो, पोहता यायची गरज पडत नाही. आधी बोटीच्या कडेला धरून तोंडाने श्वास घ्यायचा सराव. तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. श्वास कधीही रोखायचा नाही. खाली जाताना कानांवर दाब जाणवला की लगेच नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, कान दुखेपर्यंत थांबायचं नाही. आणि अंगठा वर करणं म्हणजे 'छान' नव्हे, पाण्यात त्याचा अर्थ 'मला वर न्या'. छान असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. माझ्या आधी गेलेल्या ताईंनी आनंदाने अंगठा दाखवला आणि त्यांना लगेच वर आणलं.

खाली वीसेक फुटांवर खडक, त्यावर प्रवाळ, पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या माशांचा थवा, आणि कपारीतून डोकावणारा एक मोठा गोब्रा मासा, जो मी आजवर फक्त बाजारात पाहिला होता. प्रशिक्षकाने बिस्किटाचा चुरा सोडला तसे मासे हातावर आले. व्हिडिओत ते छान दिसतं, पण पुन्हा गेले तर मी नको म्हणेन. हा सगळा भाग १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातला आहे. तिथल्या माशांना बिस्किटांची सवय लागू नये असं मला वाटतं. प्रवाळाला हात लावू नका, त्यावर पाय टेकवू नका. तो दगड वाटतो, पण जिवंत असतो.

वर पाहिलं तर उजेडात लेकीचे पाय हलताना दिसत होते. ते तांडेल तिच्यासोबत पाण्यात उतरले होते. "गो बाय, घाबरा नको, माका धरून रव," म्हणत त्यांनी तिला अर्धा तास फिरवलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आई, तुझे बुडबुडे माझ्या तोंडासमोर येऊन फुटत होते." सकाळपासून पहिल्यांदा हसली.

आता राहिलेलं, आठवेल तसं. बोटीच्या आधी पोटभर खाऊ नका. आम्ही सकाळी फक्त एकेक घावणा आणि चहा घेतला, तेवढंच बरं. बोट लागत असेल तर तेही फॉर्म भरताना सांगा आणि गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सर्दी असेल तर स्कुबा नकोच, कान मोकळे होत नाहीत. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून कुणालातरी खांद्यावर धरून वर ओढायला सांगा, जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. लेकीचं मी दोनदा बदलून घेतलं. बोटीत जास्त माणसं चढत असतील तर तुम्ही उतरा. चिपीच्या विमानतळावरून परतणार असाल तर स्कुबा आणि विमान यांत पुरा एक दिवस ठेवा. आणि फोटो-व्हिडिओचे पैसे आधी ठरवा, बाहेर आल्यावर नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: बुकिंग करताना तब्येतीचा फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. पाठवणार नसेल तर दुसरा माणूस शोधा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर आपल्या गावातल्या, आपल्याला ओळखणाऱ्या डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा. आमच्या घरच्या डॉक्टरांकडे लेकीचे दहा वर्षांचे कागद आहेत. ते मालवणच्या त्या डॉक्टरांसमोर असते तर त्यांचंही काम सोपं झालं असतं.

फरकाचे पैसे संध्याकाळी सातला फोनवर आले, न मागता. त्या तांडेलांनीच सांगितलं असणार.

पुढच्या मंगळवारी कोल्हापुरात छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, म्हणून मेच्या आधी निकाल लागायला हवा. लेकीने मालवणचा तो लेटरहेडचा कागद, फुग्याच्या चित्रासकट, स्वतःच्या फाइलमध्ये लावून ठेवला आहे. आणि पुढच्या वेळी सकाळी पहिल्यांदा किल्ला, असं तिने आम्हाला बजावलं आहे.