इव्हॅल काढून आयटमटाइप लावताना : माझा अनुभव

मुलुंडच्या एका हाउसिंग सोसायटीचं मेंटेनन्स बिलांचं ॲप्लिकेशन वेब फॉर्म्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमधल्या वेब पानं बनवण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. त्यातल्या रिपीटरमध्ये (प्रत्येक नोंदीसाठी तोच टेम्पलेट पुन्हा छापणारा कंट्रोल) सगळीकडे इव्हॅल, म्हणजे नोंदीतली किंमत पानावर आणणारं फंक्शन, होतं. ते प्रॉपर्टीचं नाव स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून घेतं आणि प्रोग्रॅम चालू असताना रिफ्लेक्शनने शोधतं. नावात एक अक्षर चुकलं तरी बिल्ड बिनबोभाट होतो, एरर येते ती पान उघडल्यावर. एएसपी डॉट नेट ४.५ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंट्रोलला आयटमटाइप, म्हणजे नोंद कोणत्या क्लासची आहे ते, देता येतं. म्हणून ही पानं बदलायला घेतली.

बदल सोपा आहे. रिपीटरच्या टॅगमध्ये आयटमटाइपला क्लासचं नेमस्पेससकट पूर्ण नाव द्यायचं. मग टेम्पलेटमध्ये आयटम लिहून डॉट दिला की इंटेलिसेन्स (एडिटरची नावं सुचवण्याची सोय) प्रॉपर्टी दाखवतो. लिहिताना कोलनवालं <%#: घ्यावं, म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात कुणी एचटीएमएल टाकलं तरी ते एन्कोड होतं, साधा मजकूर म्हणूनच दिसतं. नुसतं <%# एन्कोड करत नाही.

खरी मेख आहे ती नलमध्ये, म्हणजे किंमतच नसण्यात. ज्या फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहतो तिथे भाडेकरू नल असतो. इव्हॅलला 'भाडेकरू.नाव' दिलं की ते नलपाशी थांबून जागा कोरी ठेवतं, आयटम.भाडेकरू.नाव मात्र थेट नल रेफरन्स एक्सेप्शन देतं आणि अख्खं पान पडतं. यावर प्रश्नचिन्ह-डॉट (?.), म्हणजे नल असेल तर पुढे न जाणारं चिन्ह, लिहावं, तर तेही एएसपीएक्समध्ये (पानाच्या फाइलमध्ये) चालेलच असं नाही. कोडबिहाइंडसाठी, म्हणजे पानामागच्या सी शार्प फाइलसाठी, व्हिज्युअल स्टुडिओचा नवा कंपायलर वापरला जातो, पण पानाचं मार्कअप सर्व्हरवर जुन्या सी शार्प ५ ने कंपाइल होतं. तिथेही नवा कंपायलर हवा तर रोझलिनचं (तोच नवा कंपायलर) कोडडॉम प्रोव्हायडर पॅकेज घालावं लागतं. मला त्याहून बरं वाटतं ते क्लासमध्येच 'भाडेकरूचं नाव' अशी प्रॉपर्टी करून नलचा निकाल तिथेच लावणं.

इथेच दुसरी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मार्कअप पहिल्या रिक्वेस्टला कंपाइल होतं, त्यामुळे आयटम वापरूनही साध्या बिल्डमध्ये चूक दिसत नाही. पब्लिश करताना प्रीकंपाइल (पानं आधीच कंपाइल करणं) चालू ठेवलं की ती आपल्याच मशीनवर सापडते. एवढं केलं नाही तर या बदलाचा निम्मा फायदा वाया जातो.

विंगच्या रिपीटरमध्ये फ्लॅटचा रिपीटर असेल तर आतल्याला डेटासोर्स म्हणून <%# आयटम.फ्लॅट्स %> द्यायचं आणि त्याचा आयटमटाइप वेगळा लिहायचा. आत आयटम म्हणजे फ्लॅट. विंगचं नाव हवं असेल तर ते फ्लॅटच्या क्लासमध्येच ठेवावं. लिंकमधून (LINQ, सी शार्पमधली डेटा निवडण्याची सोय) अनामिक, म्हणजे नाव नसलेला, टाइप येत असेल तर त्याला आयटमटाइप देता येत नाही, छोटा क्लास करावाच लागतो. डेटाटेबल असेल तर टाइप डेटारोव्ह्यू द्यावा, पण कॉलमचं नाव पुन्हा स्ट्रिंगच राहतं. थकबाकी पानावरच दुरुस्त करायची असेल तर बाइंडआयटम लागतं, जे बदललेली किंमत परतही घेतं. ते रिपीटरमध्ये चालत नाही, तिथे लिस्टव्ह्यू घ्यावा.